अठ्ठावीस किलोमीटरवरचे दोन हिमगाभे

१९९३ च्या जुलै महिन्यात ‘नेचर’ या नियतकालिकात ग्रीनलंडच्या बर्फाविषयी एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला आणि पुराहवामानाच्या, म्हणजे प्राचीन काळच्या हवामानाच्या, अभ्यासकांमध्ये मोठी खळबळ उडाली. आठ युरोपीय देशांनी मिळून राबवलेल्या ‘ग्रिप’ प्रकल्पाने आदल्या वर्षी ग्रीनलंडच्या हिमस्तराच्या माथ्यावरून ३०२९ मीटर खोल छिद्र पाडून तळापर्यंतचा बर्फ वर आणला होता. या बर्फाच्या तळाकडच्या भागात सुमारे सव्वा लाख वर्षांपूर्वीच्या, आजच्याहून काहीशा उबदार अशा काळाची नोंद होती आणि त्या नोंदीत तापमान अवघ्या काही दशकांत कित्येक अंशांनी वरखाली झालेले दिसत होते. त्या उबदार काळातले हवामान इतके चंचल असेल, तर आपण ज्याला स्थिर समजतो त्या आजच्या हवामानाचा भरवसा काय, हा प्रश्न साहजिकच पुढे आला.

१९९३ मध्येच त्या जागेपासून २८ किलोमीटर पश्चिमेला अमेरिकेच्या ‘जिस्प-२’ प्रकल्पाचे छिद्रही ३०५३ मीटरवर खडकापर्यंत पोहोचले. दोन छिद्रांमधले हे अंतर मुद्दाम ठरवलेले होते. हिमस्तराच्या जाडीच्या साधारण दहापट अंतर राखले, तर दोन्ही ठिकाणी एकच हवामान नोंदले जाईल, पण एका ठिकाणच्या बर्फात झालेली स्थानिक उलथापालथ दुसऱ्या ठिकाणी जशीच्या तशी सापडणार नाही, असा त्यामागचा विचार होता. दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्यावर वरचे सुमारे २७०० मीटर तंतोतंत जुळले. खालच्या तीनशे मीटरमध्ये मात्र एका आलेखाचा दुसऱ्याशी काही मेळच लागेना, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात ही तफावतही ‘नेचर’मध्येच जाहीर झाली.

हा पेच समजण्यासाठी हिमगाभा, म्हणजेच आइस कोअर, कसा वाचतात ते पाहायला हवे. ध्रुवीय प्रदेशात पडलेला हिम वितळत नाही. वर्षावर वर्षे साचत जातो, स्वतःच्याच भाराने दाबला जातो आणि साठ ते शंभर मीटर खोलीवर त्याचा घट्ट बर्फ होताना कणांमधली हवा बुडबुड्यांच्या रूपाने कायमची अडकते. पोकळ नळीसारख्या यंत्राने हा बर्फ दंडगोलाकार कापून काढतात. साधारण दहा सेंटिमीटर व्यासाच्या अशा एक मीटर गाभ्याचे वजन सात किलोच्या आसपास भरते. पाण्याच्या रेणूतील जड आणि हलक्या ऑक्सिजनच्या प्रमाणावरून त्या काळचे तापमान कळते, बुडबुड्यांतून त्या काळची हवा मिळते आणि धुळीतून वाऱ्यांचा माग लागतो. ज्वालामुखी तर जणू सहीच करून जातात. गाभ्याचा सपाट केलेला पृष्ठभाग घेऊन त्यावरून दोन विद्युत अग्रे हळूहळू ओढत नेली, की उद्रेकाचे आम्ल जिथे बर्फावर पडले होते तिथे विद्युतप्रवाह एकदम उसळतो. १७८३ मधला आइसलंडच्या लाकीचा उद्रेक ग्रीनलंडच्या गाभ्यांत असाच ठळक दिसतो. अशा खुणा जुळवत दोन गाभे एकमेकांशी ताडून पाहता येतात.

खालच्या तीनशे मीटरचा निवाडा करायचा तर कोणत्याही एका गटाकडे पुरेसे साधन नव्हते. युरोपीय गाभा युरोपात होता, अमेरिकी अमेरिकेत. मोजण्याच्या पद्धती वेगळ्या, कालगणना वेगळ्या. पुढच्या दोन-तीन वर्षांत दोन्ही गटांचे लोक वारंवार एकत्र बसले, आणि मला या साऱ्या कथेतील हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. दोन्हीकडच्या अभ्यासकांनी मिळून गाभ्यांतले थर डोळ्यांखालून घातले तेव्हा असे दिसले, की वरच्या भागात आडवे असणारे थर तळाकडे येताना कलू लागतात आणि काही ठिकाणी इंग्रजी ‘झेड’ अक्षरासारख्या बारीक घड्या पडलेल्या असतात. हिमस्तर अतिशय मंद गतीने वाहत असतो आणि त्याचा तळचा भाग खडकाच्या उंचसखलपणावरून ओढला जातो. तिथे थर दुमडला, की जुना बर्फ नव्याच्या वर येऊ शकतो. हातरुमाल सरकवताना त्याची चुणी पडावी तसाच हा प्रकार. फक्त त्या चुणीत हजारो वर्षांचा क्रम उलटासुलटा होतो.

दुसरा पुरावा पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाहून आला. मिथेन वातावरणात अल्पावधीत सर्वदूर मिसळतो, त्यामुळे एखाद्या काळी अंटार्क्टिकावरच्या हवेत त्याचे जे प्रमाण होते त्याच्याशी ग्रीनलंडवरचे प्रमाण जवळपास जुळलेच पाहिजे. रशियाच्या वोस्तोक केंद्रावरील गाभ्यात त्या काळाची अखंड नोंद होती. तिच्याशी ताडून पाहता ग्रीनलंडच्या दोन्ही गाभ्यांचा तळ विस्कटलेला असल्याचे स्पष्ट झाले. उबदार काळातील ते नाट्यमय चढउतार हवामानाचे नव्हतेच. ते बर्फाच्या घड्यांमुळे दिसले होते. पुढे २००३ मध्ये ग्रिपच्या उत्तरेला तीनशेहून अधिक किलोमीटरवर पूर्ण झालेल्या ‘नॉर्थग्रिप’च्या ३०८५ मीटर गाभ्यात १,२३,००० वर्षांपर्यंतचा क्रम शाबूत सापडला आणि त्यातही तसे चढउतार नव्हते.

याच तुलनेने दुसरे एक अनुमान मात्र पक्के केले. डेन्मार्कचे विली डान्सगार्ड आणि स्वित्झर्लंडचे हान्स ओश्गर यांना ग्रीनलंडच्या आधीच्या गाभ्यांत हिमयुगातील अचानक तापमानवाढीच्या ज्या घटना दिसल्या होत्या, त्या बर्फातील दोषामुळे दिसत असाव्यात अशी शंका तोवर घेता येत होती. २८ किलोमीटर अंतरावरच्या दोन गाभ्यांत त्या एकामागोमाग एक जुळल्यावर त्या शंकेला जागाच उरली नाही. आज त्या या दोघांच्याच नावाने ओळखल्या जातात.

एका देशाने, एका छिद्रातून काढलेला गाभा एकटा पुरेसा नाही, हा धडा पुढे संघटनेच्या रूपाने रुजला. २००४ साली अमेरिकेतील व्हर्जिनियात भरलेल्या बैठकीतून ‘इंटरनॅशनल पार्टनरशिप्स इन आइस कोअर सायन्सेस’, म्हणजे ‘आयपिक्स’, उभी राहिली आणि पुढची छिद्रे कुठे व कशासाठी पाडायची याचा सामाईक आराखडा तिने तयार केला. तिच्या खुल्या परिषदा २०१२ मध्ये फ्रान्समधील जियां येथे, २०१६ मध्ये टास्मानियातील होबार्टला आणि महासाथीमुळे लांबलेली तिसरी २०२२ मध्ये स्वित्झर्लंडच्या क्रां-मोंताना येथे झाली. हिमनद्यांच्या अभ्यासकांची परंपरा तर याहून बरीच जुनी आहे. हिमनद्यांच्या आगेकूच-माघारीची मोजमापे देशोदेशी एकसारखी व्हावीत म्हणून १८९४ सालीच झुरिचमध्ये आंतरराष्ट्रीय आयोग नेमला गेला होता. हिमालयासारख्या उंच पर्वतरांगांतील हिमनद्यांवर २०१५ च्या मार्चमध्ये काठमांडूत परिसंवाद भरला, तोही याच परंपरेतला.

या विषयात छिद्र पाडणाऱ्या अभियंत्यांच्या कार्यशाळाही स्वतंत्रपणे भरतात. पहिली १९७४ मध्ये नेब्रास्कात झाली. शोधनिबंधांत सहसा यशाचीच गोष्ट सांगितली जाते. इथे मात्र अडकलेल्या यंत्रांची चर्चा मनमोकळेपणाने होते, आणि तिची नितांत गरज आहे. ‘नॉर्थग्रिप’चे पहिले यंत्र १९९७ मध्ये १३७० मीटरच्या आसपास अडकले, अंटार्क्टिकातील ‘डोम सी’चे ७८८ मीटरवर. दोन्ही ठिकाणी नव्याने छिद्र पाडावे लागले. बर्फाच्या दाबाने छिद्र मिटू नये म्हणून त्यात जवळपास बर्फाइतकीच घनता असलेला द्रव भरावा लागतो, पण तो थंडीत दाटता कामा नये आणि माणसांना व पर्यावरणाला अपायकारकही असता कामा नये. ओझोन थराच्या रक्षणासाठी काही रसायनांवर बंदी आल्यावर कोणता नवा द्रव चालतो आणि कोणता अंगाशी येतो, हे ज्यांनी वापरून पाहिले त्यांच्याच तोंडून ऐकावे लागते.

काही निर्णय वरकरणी किरकोळ दिसतात. जुन्या सेंद्रिय अवशेषांचे वय ठरवणाऱ्या रेडिओकार्बन पद्धतीत वर्षे १९५० पासून मागे मोजतात, तर ग्रीनलंडच्या गाभ्यांची आधुनिक कालगणना २००० पासून. या पन्नास वर्षांच्या फरकाचे भान न ठेवता दोन नोंदी जोडल्या, तर हवामानबदलाचे कारण कोणते आणि परिणाम कोणता याचीच अदलाबदल होऊ शकते. आपण ज्या होलोसीन कालखंडात राहतो त्याचा आरंभही अशाच विचारविनिमयातून आणि मतदानातून ठरला. ‘नॉर्थग्रिप’ गाभ्यातील १४९२.४५ मीटर खोलीवरची जागा, म्हणजे २००० सालापूर्वीची सुमारे ११,७०० वर्षे, ही त्याची अधिकृत सीमारेषा आहे. होलोसीनच्या अखेरच्या विभागाची रेषा मेघालयातील मॉमलूह गुहेच्या लवणस्तंभावरून २०१८ मध्ये मान्य झाली आणि त्या विभागाला मेघालयन हे नाव मिळाले.

हिमगाभ्यांचे काम आपल्याही जवळ चालते. गोव्यात वास्कोला असलेल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि समुद्र संशोधन केंद्रात, बाहेर घामाच्या धारा लागलेल्या असताना, उणे वीस अंशांच्या खोलीत अंटार्क्टिकातून आणलेले गाभे ठेवलेले असतात. याच केंद्राने २०१६ मध्ये स्पितीत ४००० मीटरहून अधिक उंचीवर ‘हिमांश’ हे संशोधन स्थानक उभारले.

२०२५ च्या जानेवारीत युरोपीय ‘बियाँड एपिका’ प्रकल्पाने अंटार्क्टिकात ‘लिटल डोम सी’ येथे २८०० मीटर लांबीचा गाभा पूर्ण केला. त्यातील बर्फ किमान बारा लाख वर्षे मागे जातो. हिमयुगांची आवर्तने आधी सुमारे ४१,००० वर्षांची होती. ती पुढे जवळपास एक लाख वर्षांची का झाली, याचे उत्तर त्या बुडबुड्यांत शोधायचे आहे. इतका जुना बर्फ अर्थातच तळाजवळचा आहे, म्हणजे ग्रीनलंडमध्ये घड्या पडल्या होत्या तशाच जागेचा. म्हणूनच ‘आयपिक्स’च्या आराखड्यात या सर्वांत जुन्या बर्फासाठी एकाहून अधिक गाभ्यांचा आग्रह धरलेला आहे, आणि म्हणूनच त्याच परिसरात ऑस्ट्रेलियाने, तर अंटार्क्टिकातल्याच डोम फुजीजवळ जपानने आपापले छिद्र पाडायला घेतले आहे.