पत्ता नसलेल्या मशीनने पत्ता मागायचा कसा?

कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये जुना ४८६ कॉम्प्युटर अजून चालू दिसला, तर नवल वाटायला नको. डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवरचा एखादा प्रोग्राम बिनबोभाट चालतोय म्हटल्यावर मालक त्याला हात लावू देत नाही. अडतं ते फाइल बाहेर काढताना, कारण फ्लॉपी आता शोधूनही मिळत नाहीत. मग उपाय एकच, नेटवर्क कार्ड बसवून मशीन राउटरला जोडायचं.

डॉसमध्ये मुळात नेटवर्कची सोयच नाही. म्हणून आधी कार्डाचा पॅकेट ड्रायव्हर, म्हणजे कार्डाशी बोलणारा छोटा प्रोग्राम, चढवायचा आणि त्यावर एमटीसीपी हा मायकेल ब्रुटमन यांचा नेटवर्क प्रोग्रामांचा मोफत संच. तो ८०८८ प्रोसेसरवरही चालतो! एनई२००० जातीचं कार्ड असेल तर त्याचा आयआरक्यू, म्हणजे प्रोसेसरचं लक्ष वेधायच्या तारेचा क्रमांक, तपासा. तो ३ वर असला तर सीओएम-२ या सिरियल पोर्टशी भांडण ठरलेलं.

इथून पुढे खरी गंमत. नेटवर्कवर बोलायला मशीनला पत्ता, म्हणजे आयपी ॲड्रेस, लागतो आणि तो राउटरकडून घ्यायचा. पण स्वतःचा पत्ता नसताना मशीन पत्ता मागतं कसं? पाठवणाऱ्याच्या जागी ०.०.०.० लिहून ते २५५.२५५.२५५.२५५ वर, म्हणजे नेटवर्कवरच्या सगळ्यांना, हाक घालतं. ओळख म्हणून कार्डाचा ४८ बिटांचा मॅक क्रमांक सोबत असतो. राउटर एक पत्ता देऊ करतो, मशीन 'हाच द्या' म्हणतं, राउटर शिक्कामोर्तब करतो. चार निरोपांत काम फत्ते. याला डीएचसीपी म्हणतात. १९९३ मध्ये तो आला, तो १९८५ च्या बूटपी या पद्धतीच्या सांगाड्यावर. बूटपीत कोणत्या मॅकला कोणता पत्ता, याची यादी माणसाने हाताने भरायची. डीएचसीपीने पत्ता मुदतीवर द्यायला सुरुवात केली.

भक्त निवासातल्या खोलीसारखं हे आहे. मुदत वाढवून घेतली नाही तर खोली दुसऱ्याला. आजची मशीन निम्मी मुदत सरली की गुपचूप ती वाढवून घेतात. डॉस मात्र एका वेळी एकच काम करतो. एमटीसीपीचा डीएचसीपी प्रोग्राम पत्ता आणतो, साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहितो आणि बंद होतो. मशीन आठवडाभर चालूच राहिलं तर तोच पत्ता कामगाराच्या मोबाइललाही मिळू शकतो, आणि मग दोघांचंही नेटवर्क गडबडतं.

रोज बंद होणाऱ्या मशीनला, सुरू होताना आपोआप चालणाऱ्या ऑटोएक्झेक फाइलमध्ये हा प्रोग्राम टाकला की पुरतं. अखंड चालणाऱ्यासाठी मी तर राउटरमध्येच त्या मॅकच्या नावे पत्ता राखून ठेवायला सांगेन. म्हणजे पुन्हा बूटपीचीच यादी, फक्त एका ओळीची.