पार्श्वभूमी : फुटबॉल टीव्हीवर आला, मग टीव्ही मैदानात उतरला

विश्वचषकाचे सामने टीव्हीवर पहिल्यांदा थेट दिसले ते १९५४ साली, स्वित्झर्लंडमधून. तेही सगळे नाहीत आणि युरोपातल्या मोजक्याच देशांत. १९६२ची स्पर्धा चिलीत गेली आणि युरोपच्या नशिबी पुन्हा शिळा खेळ आला. फिल्मचे डबे विमानाने यायचे आणि निकाल पेपरात वाचून झाल्यावर, दोन-तीन दिवसांनी सामना दिसायचा. अटलांटिकपार थेट टीव्ही चित्रं पोचवणारा टेलस्टार उपग्रह सुटला तो त्या अंतिम सामन्यानंतर महिन्याभरातच.

खरा पालट १९७०च्या मेक्सिकोत झाला. प्रक्षेपण उपग्रहामार्फत थेट, शिवाय रंगीत. घरोघरचे बहुतेक संच मात्र अजून कृष्णधवल होते. म्हणून आदिदासने २० पांढरे षटकोन आणि १२ काळे पंचकोन जोडून पडद्यावर उठून दिसेल असा चेंडू आणला. त्याचंही नाव टेलस्टारच. फुटबॉल म्हणून लहान मुलं आजही जे चित्र काढतात, ते याच चेंडूचं. युरोपात संध्याकाळी बघता यावं म्हणून अनेक सामने, अगदी अंतिम सामनाही, भर दुपारी बारा वाजता सुरू झाले. १९८६ला मेक्सिकोतच पुन्हा हेच झालं, तेव्हा माराडोनाने उघड तक्रार केली. वेळा काही बदलल्या नाहीत.

कधी कधी पडद्यावर नको तेही दिसलं. १९८२मध्ये स्पेनमधल्या खिखोन इथे पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया भिडले. भिडले म्हणायचं आपलं. त्याच गटातल्या अल्जीरियाचा शेवटचा गटसामना आदल्याच दिवशी आटोपला होता, त्यामुळे जर्मनी एक-दोन गोलांनी जिंकली तर आपण दोघेही पुढे आणि अल्जीरिया बाहेर, हे गणित दोन्ही संघांना पाठ होतं. दहाव्या मिनिटाला गोल झाला आणि उरलेला वेळ चेंडू नुसता इकडून तिकडे फिरला. ऑस्ट्रियाच्या समालोचकाने तर प्रेक्षकांना टीव्ही बंद करायला सांगितलं. १९८६पासून गटातले शेवटचे दोन्ही सामने एकाच वेळी होतात.

२०१०ला इंग्लंडच्या लॅम्पार्डचा फटका गोलरेषेच्या चांगलाच आत पडला. रिप्लेमध्ये जगाने पाहिलं, पंचांनी गोल दिला नाही. आधी तंत्रज्ञानाला नाही म्हणणारे फिफाचे अध्यक्ष ब्लाटर त्यानंतर नमले आणि २०१४च्या विश्वचषकात गोलरेषा तंत्रज्ञान आलं. २०१८च्या अंतिम सामन्यात तर पंच नेस्तोर पिताना स्वतःच मैदानाकडेच्या स्क्रीनपाशी गेले, रिप्ले पाहिला आणि फ्रान्सला पेनल्टी दिली.