मळी, स्पिरिट आणि इथेनॉल: नव्वद वर्षांची पार्श्वभूमी

सोलापूर जिल्ह्यात गाळप हंगाम तोंडावर आला की एफआरपीच्या, म्हणजे केंद्राने ठरवलेल्या उसाच्या किमान दराच्या, जोडीला आता इथेनॉलच्या दराचीही चर्चा होते. राज्यात सर्वाधिक साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यात ती होणारच. पण इथेनॉलमुळे उसाला चार पैसे जादा मिळतील असं कुणी सांगितलं, तर मागचा इतिहास माहीत असलेला बरा. औद्योगिक अल्कोहोल, म्हणजेच इथेनॉल, आपल्याकडे बहुतेक वेळा साखर किंवा मळी (साखर काढल्यावर उरणारा दाट पाक) अंगावर आली तेव्हाच आठवलं गेलं, आणि त्याचा भाव बराच काळ दिल्लीत ठरला.

१९३२ साली परदेशी साखरेवर जकात बसवून देशी उद्योगाला संरक्षण देण्यात आलं. तेव्हा देशात तीसेक कारखाने होते. पाचेक वर्षांत ते सव्वाशेच्या पुढे गेले. आपल्याकडे भाटघरचं पाणी नीरा उजव्या कालव्याने माळशिरसकडे येत होतं. त्याच दशकात सासवडच्या माळी बागायतदारांनी माळीनगरला कारखाना काढला आणि श्रीपूरला चंद्रशेखर आगाशे यांच्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटचा कारखाना उभा राहिला. साखर वाढली तशी मळीही वाढली. टनभर ऊस गाळला की चाळीस-पंचेचाळीस किलो मळी निघते. पशुखाद्य, हुक्क्याची तंबाखू आणि दारू यांत ती सगळी खपेना. टाकायची कुठे हा कारखान्यांपुढचा खराखुरा प्रश्न होता.

म्हैसूर संस्थानात मंड्याला आणि तिकडे संयुक्त प्रांतात (आताच्या उत्तर प्रदेशात) मळीपासून 'पॉवर अल्कोहोल' काढून ते पेट्रोलमध्ये मिसळायची सुरुवात झाली ती या अडचणीतून. संयुक्त प्रांताने १९४० साली त्यासाठी कायदा केला. महायुद्धात पेट्रोलचं रेशनिंग आलं आणि या मिश्रणाचं महत्त्व वाढलं. १९४८ साली केंद्राचाही कायदा झाला. म्हणजे पेट्रोलमधलं इथेनॉल ही गेल्या दहा वर्षांतली कल्पना नाही.

प्रक्रिया मात्र फारशी बदललेली नाही. दाट, काळपट मळीत पाणी घालून ती पातळ करतात, यीस्ट सोडतात. टाकीला फेस येतो, कार्बन डायऑक्साइड निघत राहतो आणि एक-दोन दिवसांत आठ-दहा टक्के अल्कोहोल असलेला 'वॉश' तयार होतो. तो उंच कॉलममध्ये वाफेने तापवला की रेक्टिफाइड स्पिरिट मिळतं. पण साध्या आसवनीने अल्कोहोल ९५-९६ टक्क्यांच्या वर चढत नाही, उरलेलं पाणी सुटत नाही. पेट्रोलला ते पाणी चालत नाही. म्हणून इंधनासाठी पुढे मॉलिक्युलर सीव्हमधून, म्हणजे पाणी शोषून घेणाऱ्या बारीक छिद्रांच्या खड्यांतून, पाणी काढून ९९.५ टक्क्यांच्या वर न्यावं लागतं. मागे उरतो तो स्पेंट वॉश: लिटरभर अल्कोहोलमागे आठ ते पंधरा लिटर तांबूस-काळं, वास मारणारं पाणी. डिस्टिलरीशेजारच्या गावांनी विहिरी खराब होऊन त्याची किंमत मोजली आहे. इथेनॉलच्या हिशेबात ती धरली जात नाही, याचं वाईट वाटतं.

स्वातंत्र्यानंतर रसायन उद्योगाची मागणी वाढली आणि इंधनाची गोष्ट मागे पडली. ॲसेटिक ॲसिड, सॉल्व्हंट, प्लास्टिकचा कच्चा माल. बरेलीला तर १९६३ पासून अल्कोहोलपासून कृत्रिम रबर निघू लागलं. या कारखान्यांना अल्कोहोल स्वस्त मिळावं म्हणून १९६१ च्या आदेशाने मळी आणि १९७१ च्या आदेशाने अल्कोहोलचा दर नियंत्रणाखाली आला. मळीचा दर इतका खाली बांधलेला होता की ती कच्च्या खड्ड्यांत साठवली जाई. स्वस्ताईचा फायदा रसायन कारखान्यांना झाला; ऊस पिकवणाऱ्याच्या बिलात मळीचे म्हणून काही पैसे आले नाहीत. हे नियंत्रण १९९३ साली उठलं.

अल्कोहोलवर अधिकार केंद्राचा की राज्यांचा, हा वाद वेगळाच चालू होता. राज्यघटनेने मादक पेयं राज्यांकडे दिली आहेत, पण जे पिता येत नाही त्या अल्कोहोलवर कर कुणाचा? १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी केंद्राच्या बाजूने कौल दिला. ऑक्टोबर २०२४ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने तो फिरवला आणि औद्योगिक अल्कोहोलवरचा राज्यांचा अधिकार मान्य केला.

१९४८ चा पॉवर अल्कोहोल कायदा २००० साली रद्द झाला, आणि लगेच २००१ मध्ये मिरज, मनमाड आणि बरेलीजवळच्या आंवला इथे पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रायोगिक प्रकल्प सुरू झाले. २००३ पासून नऊ राज्यांत पाच टक्के मिश्रण ठरलं, पण निविदा आणि दराच्या घोळात ते रखडत राहिलं. २०१३-१४ मध्ये प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास होतं. २०१४ च्या अखेरीस केंद्राने दर बांधून दिला, २०१८ मध्ये बी-हेवी मळी (जिच्यात थोडी साखर शिल्लक ठेवलेली असते ती) आणि थेट रसासाठी वेगळे, चढे दर दिले. तेव्हा कुठे डिस्टिलरीसाठी कर्ज काढायला कारखान्यांना हुरूप आला. जून २०२२ मध्ये दहा टक्के आणि २०२५ मध्ये वीस टक्क्यांचा टप्पा गाठला गेला.

त्या कर्जाचे हप्ते चालू असतानाच ७ डिसेंबर २०२३ रोजी, ऐन हंगामात, साखर कमी पडेल म्हणून रस आणि सिरपपासून इथेनॉल करायला बंदी आली. आठवडाभरात ती थोडी सैल झाली, पण सोय बिघडायची ती बिघडली. दुसरीकडे रसाच्या इथेनॉलचा दर २०२२-२३ पासून लिटरला ६५ रुपये ६१ पैशांवर आणि बी-हेवीचा ६० रुपये ७३ पैशांवर थांबला, तर एफआरपी २०२५-२६ पर्यंत क्विंटलला ३०५ वरून ३५५ रुपयांवर गेली. एफआरपी वाढायलाच हवी होती. खत, डिझेल, तोडणी सगळं महागलं आहे. कारखान्याची अडचण इथेनॉलच्या दरात आहे, ऊसवाल्यात नाही.

२०२५-२६ साठी तेल कंपन्यांनी वाटप केलेल्या सुमारे १,०५० कोटी लिटरमध्ये उसाचा वाटा तीस टक्क्यांच्या आत आहे. बाकी धान्याचं, त्यातही मका पुढे. त्यामुळे ऊस आणि धान्य दोन्हींवर चालणाऱ्या डिस्टिलरीची मागणी कारखान्यांकडून होते आहे. तशी डिस्टिलरी आपल्या कारखान्यात होणार असेल, तर तिचं उत्पन्न ऊस बिलात कसं धरणार, हे सभासदांनी वार्षिक सभेत आधीच विचारून इतिवृत्तात लिहून घ्यावं.