कायद्यांची संगणकीय छाननी (गोवा)

अमलात असलेले कायदे, नियम व अधिसूचना संगणकाकडून वाचून घेऊन त्यांतील कालबाह्य, दुबार किंवा एकमेकांना छेद देणाऱ्या तरतुदी शोधण्याची पद्धत. सापडलेल्या तरतुदी दुरुस्त करायच्या की रद्द, हे विधिखाते व विधानसभा ठरवते. अमेरिकेच्या आरोग्य खात्याने २०२० मध्ये आपल्या नियमांतील चुकलेले संदर्भ या मार्गाने शोधून दुरुस्त केले. ओहायो राज्यानेही आपले प्रशासकीय नियम असेच चाळले. भारतात २०२३ च्या जन विश्वास अधिनियमाने ४२ केंद्रीय कायद्यांतील १८३ तरतुदी सौम्य केल्या. ते काम मुख्यतः माणसांचे होते, पण हात घालायच्या ढिगाचा अंदाज त्यावरून येतो.

गोव्यात अडचण त्याही आधी सुरू होते. इथे कोणता कायदा काढून टाकायचा हे ठरवण्यापूर्वी कोणता जिवंत आहे हेच शोधावे लागते. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि १९६२ च्या गोवा, दमण व दीव (प्रशासन) अधिनियमाच्या कलम ५ ने त्या वेळचे सर्व कायदे, सक्षम विधिमंडळ ते बदलेपर्यंत, चालू ठेवले. त्यामुळे १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता, १८८० ची हिंदूंच्या रूढींची संहिता आणि कोमुनिदादींची संहिता (गावाच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या आपल्या गांवकारींचा, म्हणजेच कोमुनिदादींचा, कारभार हिच्यावर चालतो) या सगळ्या भारतीय कायद्यांच्या शेजारी येऊन बसल्या. पुढे नवे कायदे लागू होत गेले. जुने किती उरले, हे मात्र प्रत्येक वेळी स्पष्ट लिहिले गेले नाही.

मुदतीच्या कायद्याचे उदाहरण बोलके आहे. पोर्तुगीज संहितेतील दावा दाखल करण्याच्या लांबलचक मुदती गोव्यात चालू आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये म्हटले. २००१ मध्ये त्याच न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि १९६३ च्या भारतीय मुदत अधिनियमापुढे त्या टिकत नाहीत, असे ठरवले. मधल्या २२ वर्षांत संहितेतले एक अक्षरही बदलले नव्हते. केवळ मजकूर वाचणारे यंत्र इथे हमखास फसते. त्याला निकालपत्रेही वाचायला द्यावी लागतात. उलट २०१२ च्या गोवा वारसा, विशेष नोटरी व इन्व्हेंटरी कार्यवाही अधिनियमाने जुन्या संहितेतील वारसाहक्काचा भाग नव्याने मांडला, तेव्हा तेवढ्या पट्ट्यात तुलना सोपी झाली.

कामाची सुरुवात छायाप्रतींपासून होते. पोर्तुगीज काळातील राजपत्राचे अंक, म्हणजे 'बोलेतीं', स्कॅन करून अक्षरे ओळखायची, कलमे सुटी करायची आणि कोणते कलम कोणत्या कलमाचा हवाला देते ते जोडायचे. ऐकायला सरळ वाटते. पण पोर्तुगीज भाषेचे शुद्धलेखन १९११ मध्ये बदलले, म्हणून त्याआधीचा 'फ' ध्वनी बऱ्याचदा दोन अक्षरांनी लिहिलेला असतो आणि साध्या शोधात तो शब्द सापडतच नाही. रकमा रुपिया किंवा एस्कुदोत (१ रुपियाचे ६ एस्कुदो) असतात. गावांच्या नावांची तऱ्हा तर विचारू नये: आपले डिचोली, सांखळी, काणकोण पोर्तुगीज लेखनात वेगळ्याच रूपात येतात आणि एकाच गावाची दोन-तीन रूपेही आढळतात. राजभाषा कोंकणी, शासकीय वापरात मराठीही, कायद्याचा अधिकृत मजकूर बहुधा इंग्रजी आणि जुना पोर्तुगीज. चार भाषांतल्या एकाच संज्ञेची गाठ घालायला 'मुंडकार' (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणारा), 'कोमुनिदाद', 'आफ्रामेंत' (जमीन कायमच्या भाडेपट्ट्याने देणे) यांचा अर्थ जाणणारा माणूस शेजारी बसावा लागतो. माझ्या मते यंत्रापेक्षा हा माणूस दुर्मीळ आहे.

छाननीची सर्वांत मोठी उपयुक्तता जमीन व घरांच्या कायद्यांत दिसते. १९६४ चा कूळ कायदा, १९६८ ची जमीन महसूल संहिता आणि १९७५ चा मुंडकार कायदा यांच्या व्याख्या एकमेकांत गुंतलेल्या आहेत आणि त्याखाली कोमुनिदादींचा स्वतंत्र थर आहे. एक-चौदाच्या (जमिनीच्या हक्कनोंदीच्या) उताऱ्यातल्या एका रकान्याचा अर्थ लावायला चार कायदे उघडावे लागतात. यंत्र ते चारही एका पडद्यावर आणून ठेवते, हीच मोठी सोय.

मूळ कागद मात्र जपावाच लागतो. जमिनी बळकावण्यासाठी जुन्या दस्तांत फेरफार झाल्याच्या तक्रारींवरून गोवा सरकारने २०२२ मध्ये विशेष तपास पथक नेमले. यंत्राने उतरवून घेतलेल्या मजकुरात शिक्का, शाईचा रंग, समासातली सही यांपैकी काहीच उतरत नाही, म्हणून संगणकीय प्रतीत प्रत्येक कलमाशेजारी मूळ पानाचे चित्र जोडून ठेवावे लागते.