रॉक स्प्रिंग्जच्या हत्याकांडामागची पस्तीस वर्षं

अमेरिकेच्या वायोमिंगमधल्या रॉक स्प्रिंग्ज या कोळसा खाणीच्या गावात २ सप्टेंबर १८८५ रोजी गोऱ्या खाणकामगारांच्या जमावाने किमान २८ चिनी कामगारांना ठार मारलं आणि त्यांची वस्ती जाळून टाकली. याचं कारण म्हणून कामावरून झालेली चुरस सांगितली जाते. चुरस होतीच. १८७५ मध्ये खाणीची मालक असलेल्या युनियन पॅसिफिक रेल्वे कंपनीने चिनी मजूर आणून तिथला संप मोडला होता, आणि दहा वर्षांनी खाणीत सुमारे ३३० चिनी आणि १५० गोरे होते. पण दिवसाढवळ्या खून करूनही आपल्या केसाला धक्का लागणार नाही, ही खात्री त्या जमावाला कुठून आली? त्यासाठी पस्तीस वर्षं मागे, कॅलिफोर्नियात जावं लागतं.

१८४८ च्या जानेवारीत तिथे सोनं सापडलं आणि मेक्सिको, चिली, फ्रान्स, दक्षिण चीन असं जिकडून तिकडून लोक धावले. मूळ रहिवाशांच्या नद्या-डोंगर त्यांना न विचारताच वाटले गेले. १८५० च्या एका कायद्याने तर 'भटका' ठरवलेल्या आदिवासीला पकडून त्याची मजुरी लिलावात विकायची सोय केली. त्याच वर्षी परदेशी खाणकामगारांवर महिना २० डॉलर कर बसला. तो इतका जाचक होता की मेक्सिकन आणि चिली लोक खाणी सोडून निघून गेले, आणि दुकानदारांचंच गिऱ्हाईक तुटल्यावर वर्षभरात तो मागे घेतला गेला. १८५२ मध्ये महिना ३ डॉलरचा नवा कर आला. कागदावर तो परदेश्यांसाठी होता, पण वसूल झाला मुख्यतः चिन्यांकडून. १८७० पर्यंत तो चालू राहिला आणि राज्याच्या तिजोरीत त्याचा मोठा भरणा होत असे.

माझ्या मते खरा घाव घातला तो १८५४ च्या एका निकालाने. लिंग सिंग नावाच्या चिनी माणसाच्या खुनाबद्दल जॉर्ज हॉल या गोऱ्याला शिक्षा झाली होती, आणि साक्षीदारांत तिघे चिनी होते. काळे, मिश्रवंशीय आणि 'इंडियन', म्हणजे अमेरिकेतले मूळ रहिवासी, यांना गोऱ्याविरुद्ध साक्ष देता येणार नाही, असा राज्याचा कायदा होता. त्यात चिन्यांचं नावही नव्हतं. मुख्य न्यायाधीश ह्यू मरी यांनी ती पळवाट बुजवली. कोलंबसला आपण आशियात पोचलो असं वाटलं होतं, म्हणून 'इंडियन' म्हणण्यात आशियाई माणूसही आला, आणि 'काळे' म्हणजे गोरे नसलेले सगळेच, असा त्यांचा युक्तिवाद. शिक्षा रद्द झाली. त्यानंतर जवळपास दोन दशकं कॅलिफोर्नियात चिनी माणसाला कुणी लुटलं किंवा मारलं आणि पाहणारे सगळे चिनीच असले, तर कोर्टाच्या दृष्टीने ते कुणी पाहिलंच नव्हतं. करवसुलीवाले दांडगाई करत, तेव्हा तक्रार तरी कुणाकडे नेणार?

याच काळात सेंट्रल पॅसिफिक रेल्वेसाठी हजारो चिनी मजूर सिएरा नेवाडा पर्वताचा ग्रॅनाइट फोडत होते. जून १८६७ मध्ये त्यांनी मजुरीसाठी संप केला, तेव्हा रेल्वेच्या बांधकामाचा प्रमुख चार्ल्स क्रॉकरने त्यांचं धान्य तोडलं आणि आठवडाभरात संप मोडला. १८८२ मध्ये अमेरिकी संसदेने, म्हणजे काँग्रेसने, चिनी मजुरांना दहा वर्षं प्रवेशबंदी केली. त्याच कायद्याने चिन्यांना नागरिकत्वही नाकारलं. मत नसलेल्या माणसाची बाजू घेणारा पुढारी कुठून मिळणार?

तर, रॉक स्प्रिंग्ज. सकाळी सहा नंबरच्या खाणीत कुणी कुठे खणायचं यावरून मारामारी झाली. दुपारी हत्यारबंद जमावाने चिनी वस्तीला गाव सोडायला तासाभराची मुदत दिली आणि ती संपायच्या आतच हल्ला चढवला. हल्लेखोरांतले बरेचजण स्वतः वेल्स, कॉर्नवॉल, स्वीडनहून आलेले होते. वाचलेले लोक माळरानावर पळाले. आठवड्याने त्यांना सॅन फ्रान्सिस्कोला नेतो म्हणून गाडीत बसवलं आणि सैन्याच्या पहाऱ्यात परत रॉक स्प्रिंग्जलाच उतरवलं, कारण खाण चालू व्हायला हवी होती. जळालेल्या घरांत प्रेतं अजून पडलेली होती. सोळा जणांना अटक झाली, पण खटला एकावरही भरला गेला नाही. ओळखीच्या कोणा गोऱ्याने गुन्हा केल्याची साक्ष कुणीच देऊ शकलं नाही, असं ग्रँड ज्यूरीने, म्हणजे खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने, नोंदवलं.

हीच चाल पुढे आपल्या माणसांपर्यंत आली. १९०७ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅम इथल्या लाकूड गिरण्यांतून पंजाबी, बहुतेक शीख, मजुरांना जमावाने हुसकावलं. मुंबईचे पारशी व्यापारी भिकाजी बलसारा यांना १९१० मध्ये न्यायालयाने 'गोरे' मानून नागरिकत्व कायम ठेवलं. अमेरिकी सैन्यात नोकरी केलेल्या भगतसिंग थिंद यांना मात्र १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते नाकारलं, आणि त्या निकालाच्या आधारे आधी नागरिक झालेल्या अनेक भारतीयांचं नागरिकत्वही काढून घेण्यात आलं. चिन्यांवरची बंदी १९४३ मध्ये उठली. भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क मिळाला १९४६ मध्ये.