डोंगरमाथ्यावरची मोजदाद: स्थलांतरी गरुड-ससाण्यांच्या गणनेची पार्श्वभूमी

शरदात डोंगराच्या माथ्यावर ठाण मांडायचे आणि वरून जाणारे गरुड, बाज, ससाणे एकेक करून मोजायचे, ही पद्धत आज अमेरिकेपासून नेपाळपर्यंत रूढ आहे. पण ती सुरू झाली बंदुकीमुळे, आणि हे ठाऊक असल्याशिवाय तिचे आजचे कडक नियम नीट उमगत नाहीत.

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्याच्या पूर्व भागात किटाटिनी नावाची डोंगररांग आहे. ॲपलेशियन पर्वताची ही पूर्वेकडची लांबलचक कड ईशान्येकडून नैर्ऋत्येकडे जाते. थंड हवेची लाट येऊन गेली की तिच्यामागून वायव्येचा वारा सुटतो, रांगेवर आडवा आदळतो आणि उतारावरून वर चढतो. दक्षिणेकडे निघालेल्या पक्ष्याला ही आयती शिडीच मिळते. पंख न हलवता, साठवलेली चरबी न जाळता तो तासन्‌तास कडेकडेने तरंगत जातो. एका ठिकाणी, हॉक माउंटन इथे, ही रांग अरुंद होते आणि उघड्या खडकांचा माथा आहे. समुद्रसपाटीपासून जेमतेम ४६४ मीटर, म्हणजे सिंहगडाहून बराच बुटका. तिथे उभे राहिले की पक्षी डोळ्यांच्या पातळीवरून, कधी पायाखालूनही जातात. नेम धरायला याहून सोपी जागा शोधून सापडली नसती.

त्या काळी शिकारी पक्षी म्हणजे कोंबड्या पळवणारे आणि शिकाऱ्यांचे सावज संपवणारे चोर, असा सार्वत्रिक समज होता. १९२९ मध्ये राज्याच्या शिकार आयोगाने गॉसहॉक हा शिकारी पक्षी मारणाऱ्याला पाच डॉलरचे बक्षीस लावले. पाठोपाठ महामंदी आली, आणि पाच डॉलर ही तेव्हा लहान रक्कम नव्हती. गंमत अशी की गॉसहॉक ओळखता येणारे बंदूकधारी फार थोडे. त्यामुळे वरून जाईल ते पाडायचे, असा प्रकार दर शरदात चालू राहिला. १९३२ मध्ये रिचर्ड पाऊ या छायाचित्रकाराने माथ्याखाली पडलेले पक्षी गोळा केले, रांगेत मांडले आणि त्यांचे फोटो काढले. ते फोटो न्यूयॉर्कच्या रोझाली एज यांच्यापर्यंत पोहोचले. स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीतून आलेल्या या बाईंनी आधीच एक निसर्गरक्षण समिती काढलेली होती आणि बड्या संस्थांशी भांडण घ्यायला त्या कचरत नसत. त्यांनी सरळ डोंगरच ताब्यात घेतला: १९३४ मध्ये सुमारे १,४०० एकर जमीन पुढे विकत घेण्याच्या हक्कासह भाडेपट्ट्याने घेतली, आणि १९३८ मध्ये खरेदी पुरी करून ती हॉक माउंटन अभयारण्याच्या संस्थेकडे सोपवली.

राखणदार म्हणून आले मॉरिस ब्रून आणि त्यांच्या पत्नी अर्मा. काम पहाऱ्याचे होते. अर्मा रस्त्यावरच्या प्रवेशापाशी थांबून बंदूक घेऊन आलेल्यांना परत पाठवत आणि मॉरिस माथ्यावर बसून जाणारे पक्षी वहीत टिपत. या नोंदींना लवकरच वजन आले. सोनेरी गरुड पूर्व अमेरिकेत जवळपास नसतोच, असे तेव्हाचे जाणकार धरून चालत. ब्रून यांच्या वहीत तो दर शरदात हजेरी लावत होता.

१९४३ ते १९४५ या तीन वर्षांत ब्रून नौदलात गेल्यामुळे मोजणी झाली नाही. हॉक माउंटनच्या आलेखात ती तीन वर्षे आजही कोरी आहेत. अंदाजाने आकडे भरून रेघ जोडून घेण्यापेक्षा ती खाच राहू देणे अधिक प्रामाणिक. त्यानंतर मोजणीत खंड पडलेला नाही.

या वह्यांचा खरा उपयोग झाला तो कीटकनाशकांच्या वादात. बाल्ड ईगल या पांढऱ्या डोक्याच्या गरुडाचे डोके पांढरे व्हायला चार-पाच वर्षे लागतात, तोवर तो मुख्यतः तपकिरीच असतो. म्हणजे दुरूनही पिल्लू कोणते आणि प्रौढ कोणता हे सांगता येते, आणि ब्रून ते वेगळे लिहीत होते. १९३५ ते १९३९ या काळात दिसलेल्या बाल्ड ईगलपैकी साधारण ४० टक्के कोवळे होते. १९५५ ते १९५९ मध्ये हे प्रमाण २० टक्क्यांवर आले आणि १९५७ मध्ये तर ३२ प्रौढांमागे एकच कोवळा पक्षी दिसला. एकूण आकडा पाहिला असता तर गरुड अजून आहेत की, असे वाटले असते. म्हातारे गरुड बरीच वर्षे जगतात, त्यामुळे पैदास थांबली तरी आभाळ लगेच रिकामे होत नाही. अमेरिकी लेखिका रेचेल कार्सन यांनी १९६२ मध्ये ‘सायलेंट स्प्रिंग’ या पुस्तकात हेच आकडे मांडले. डीडीटी हे कीटकनाशक शरीरात गेल्यावर त्यापासून तयार होणारे द्रव्य अंड्याच्या कवचात कॅल्शियम नीट बसू देत नाही. कवच पातळ होते आणि उबवायला बसलेल्या मादीच्या वजनाने अंडे फुटते. १९७२ मध्ये अमेरिकेत डीडीटीचा सर्वसाधारण वापर बंद झाला. शिकारी पक्ष्यांना देशभर कायद्याचे संरक्षण मिळाले तेही त्याच वर्षी, मेक्सिकोबरोबरच्या स्थलांतरी पक्ष्यांच्या करारात त्यांचा समावेश झाल्यावर. आज त्याच माथ्यावरून एका हंगामात बाल्ड ईगल शेकड्यांनी जातात.

वयाचा रकाना नसता तर यातले काहीच कळले नसते. नवख्या मोजणीदाराला हा रकाना कंटाळवाणा वाटतो आणि घाईत तो पहिला गाळला जातो, म्हणून हे इतके सविस्तर.

१९७४ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या मोजणीदारांची एक संघटना उभी राहिली आणि ठिकठिकाणच्या वह्यांना एकच नमुना मिळाला. त्याआधी प्रत्येक माथ्याची रीत वेगळी, त्यामुळे दोन ठिकाणचे आकडे शेजारी ठेवता येत नव्हते. या नमुन्यात हंगामभर रोज, तासातासाने नोंद होते: वाऱ्याची दिशा आणि वेग, तापमान, ढग, किती लांबपर्यंत दिसते आहे, पक्षी किती उंचीवरून जात आहेत आणि त्या तासाला नजर ठेवून किती जण बसले आहेत. शेवटची नोंद किरकोळ वाटते, पण चार जोड डोळे एका जोडीपेक्षा जास्त पक्षी पाहणारच. ती नसेल तर पक्षी वाढले की माणसे, हे दहा वर्षांनी कोण सांगणार? जातीच्या रकान्यांबरोबरच ‘गरुड, जात अनिश्चित’, ‘बाज, जात अनिश्चित’ असेही रकाने असतात, आणि ते भरायला लाजायचे नसते. जो मोजणीदार दूरच्या प्रत्येक ठिपक्याला नाव देतो, त्याची वही इतर मोजणीदार जरा संशयानेच वाचतात.

हॉक माउंटनचा हंगाम १५ ऑगस्ट ते १५ डिसेंबर असा चार महिन्यांचा, कारण सगळ्या जाती एकदम येत नाहीत. सप्टेंबरच्या मध्याला ब्रॉड-विंग्ड हॉक या रुंद पंखांच्या शिकारी पक्ष्याची झुंबड उडते, तर सोनेरी गरुड ऑक्टोबरअखेर आणि नोव्हेंबरात येतात. ब्रॉड-विंग्ड हॉक कड्यावरच्या वाऱ्यापेक्षा उन्हाने तापून वर चढणाऱ्या हवेच्या खांबावर विसंबतो. शेकडो पक्षी एकाच खांबात गोल घिरट्या घालत वर जातात, त्याला अमेरिकेत ‘केटल’ म्हणतात. या भोवऱ्यात मोजायला जाणे ही पहिली चूक. सगळे फिरत असतात, तेच पक्षी पुन्हा पुन्हा समोर येतात. अनुभवी माणूस वाट पाहतो. खांबाच्या टोकाला पोहोचले की पक्षी पंख ताणून पुढच्या खांबाकडे एका ओळीत घसरत निघतात, ती ओळ मोजायची. हाताशी जपाला वापरतात तसला बोटाने दाबायचा काउंटर असतो, दोन-तीन जाती एकदम येत असतील तर दोन-तीन काउंटर. लोंढा फार मोठा असेल तर दहा पक्ष्यांमागे एक दाब. १४ सप्टेंबर १९७८ या एका दिवशी इथे २१,४४८ ब्रॉड-विंग्ड हॉक मोजले गेले.

दुसरी चूक स्थानिक पक्ष्यांची. डोंगरावर कायम राहणारी गिधाडे आणि बाज दिवसातून दहा वेळा समोरून जातात. म्हणून माथ्यावरून एक काल्पनिक रेषा धरतात. ती ओलांडून दक्षिणेकडे दिसेनासा झाला तो प्रवासी, परत उत्तरेला वळला तर तो वजा. उत्तरेकडच्या कड्याच्या उंचवट्यांना क्रमांक दिलेले असतात, म्हणजे ‘तीनच्या वर, डावीकडे सरकतोय’ एवढे म्हटले की सगळ्यांच्या दुर्बिणी एका जागी वळतात. बांबूवर घुबडाची खोटी मूर्तीही लावतात, कारण जाता जाता घुबडावर झडप घालायला लहान ससाणे आणि शिक्र्याच्या कुळातले पक्षी जवळ येतात आणि ओळख पटते. सगळ्यात वाईट दिवस कोणता, असे विचाराल तर निळेभोर, निरभ्र आभाळाचा. हवा जोरात वर चढते, पक्षी फार उंच जातात आणि निळ्या पार्श्वभूमीवर ठिपका दिसतच नाही. पांढरे ढग असले की तोच ठिपका उठून दिसतो. म्हणून निरभ्र दिवशी आकडा कमी आला तर पक्षी कमी होते असे म्हणता येत नाही.

म्हणूनच ही खानेसुमारी नव्हे. माथ्यावरून जातात त्यापेक्षा कितीतरी पक्षी इतर वाटांनी जातात. एकाच जागेवरून, एकाच रीतीने, अनेक वर्षे घेतलेला आकडा चढतो की उतरतो, एवढेच पाहायचे. त्यातही फसगत होते. शार्प-शिन्ड हॉक, म्हणजे आपल्या शिक्र्याच्या कुळातला छोटा अमेरिकी पक्षी, पूर्वेकडच्या मोजणी-ठाण्यांवर कमी दिसू लागला तेव्हा तो घटतो आहे अशी भीती होती. पण हिवाळ्यातल्या गणनेत उत्तरेकडे त्याची संख्या वाढलेली आढळली. घरोघरी दाण्यासाठी जमणाऱ्या चिमण्या-पाखरांवर त्याचे भागत होते, थंडीही पूर्वीइतकी कडक राहिली नव्हती, म्हणून बरेच पक्षी दक्षिणेला यायचेच थांबले. प्रवाह आटला म्हणजे विहीर आटली असे नसते. तेव्हापासून माथ्यावरचे आकडे हिवाळी गणनेशी ताडून पाहण्याची शिस्त आली.

पुढे जगातल्या मोठ्या वाटा उजेडात आल्या. मेक्सिकोत व्हेराक्रूझला डोंगर आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्ट्यातून एका शरदात ४० लाखांहून अधिक शिकारी पक्षी जातात. जॉर्जियात काळ्या समुद्राकाठी बातुमीला २००८ पासून मोजणी होते. तिथे आकडा दहा लाखांवर जातो आणि दोन ठाण्यांनी एकच पक्षी दोनदा धरू नये म्हणून सतत संपर्क ठेवावा लागतो.

आपल्या जवळची वाट हिमालयाची. गरुड तर उत्तरेकडून दक्षिणेकडे यायला हवेत, पण नेपाळात ते पर्वताच्या दक्षिण उतारावरून पूर्वेकडून पश्चिमेकडे जाताना दिसतात. हे निरीक्षण रॉबर्ट फ्लेमिंग यांनी १९८३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये मांडले, म्हणजे या कथेचा एक धागा मुंबईतून जातो. १९८५ च्या शरदात अन्नपूर्णेच्या दक्षिणेला बाहेरून आलेल्या पक्षीनिरीक्षकांनी हंगामी मोजणी केली आणि गरुडांचा आकडा हजारोंत गेला. पोखऱ्याजवळ ठुलाखर्क इथे साधारण दोन हजार मीटरवर २०१२ पासून नियमित मोजणी होते, सप्टेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत. या वाटेवर बहुतांश गरुड एकाच जातीचे, नेपाळी गरुड. २०१५ मध्ये तो जागतिक लाल यादीत ‘संकटग्रस्त’ गटात गेला.

हिमालयातली अडचण किटाटिनीपेक्षा वेगळी. सकाळी उतार तापेपर्यंत पक्षी उठत नाहीत आणि दुपारनंतर दरीतून ढग चढतात. गरुड ढगाच्या वरून किंवा आतूनही जातात, आणि मोजणीदाराला समोर पांढरी भिंत दिसते. म्हणून ढगाने नजर अडली त्या वेळेची वेगळी नोंद लागते, नाहीतर ‘पक्षी नाहीत’ आणि ‘दिसत नव्हते’ हे दोन्ही शून्य होऊन बसते. वय इथेही ओळखता येते: पहिल्या वर्षाच्या नेपाळी गरुडाच्या पंखाखाली रुंद पांढरा पट्टा असतो आणि प्रौढ होईपर्यंत तो पुसत जातो. कोवळे भरपूर आणि प्रौढ घटताहेत असे दिसले तर दोष घरट्यात नाही, थंडी काढतात त्या मुलखात शोधायचा. तिथे धोका आहेच. बिकानेरजवळच्या जनावरे टाकण्याच्या जागी मेलेल्या नेपाळी गरुडांच्या शरीरात डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध सापडले, हे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. गुरांना ते द्यायला भारतात २००६ पासून बंदी आहे, पण माणसांसाठीचे औषध गुरांपर्यंत पोहोचते.

सह्याद्रीत असा प्रवाह शोधायला गेलात तर निराशा होईल. पुणे-सोलापूरच्या माळांवर नेपाळी गरुड आणि भोवत्ये (हॅरियर) येतात खरे, पण तोवर ते पांगलेले असतात, एका खिंडीतून जात नाहीत. भोवत्यांसाठी संध्याकाळची मोजणी सोयीची. दिवसभर विखुरलेले पक्षी रात्री उंच गवतात एकत्र उतरतात. गुजरातेत वेळावदरला ही गणना फार पूर्वीपासून होते. सूर्यास्ताच्या तासभर आधी गवताला न शिवता, बाहेरून दोन-तीन बाजूंनी बसायचे, गवतात उतरणारा प्रत्येक पक्षी धरायचा आणि पुन्हा उठला तो वजा करायचा. पार काळोख होईपर्यंत उठायचे नाही, कारण सर्वांत मोठी टोळी बऱ्याचदा शेवटच्या पंधरा मिनिटांत येते.