न्जाही की ब्लॅक बीन? काळे दोघेही, घराणी वेगळी

केनियाचा काळ्या बीन्सचा रस्सा करायचा म्हणून ब्लॅक बीन्सचं पाकीट फोडलंत, तर रस्सा चांगला होईल, पण केनियाचा होणार नाही. माउंट केनियाच्या परिसरातले किकुयू लोक जे काळं कडधान्य शिजवतात ते न्जाही. पाकिटात बहुधा असतं ते टर्टल बीन, मेक्सिको-ब्राझीलकडचं. इंग्रजीत दोघांनाही ब्लॅक बीन म्हणतात, सगळा घोळ तिथला.

दाणा तळहातावर घ्या. टर्टल बीन छोटं, राजम्याच्या घाटाचं, पोटाशी पांढरा ठिपका. न्जाहीच्या कडेनं मात्र पांढरीशुभ्र, जराशी उंचावलेली रेघ असते. ती रेघ ओळखीची वाटते ना? वाटणारच, कारण न्जाही म्हणजे वालच! शास्त्रीय नाव लॅबलॅब पर्प्युरियस. आपला पावटा आणि कडवे वालही त्याच जातीचे. टर्टल बीन फॅसिओलस व्हल्गॅरिस, म्हणजे राजमा आणि कोरेगावचा वाघ्या घेवडा यांच्या घरातलं, मूळ अमेरिका खंडातलं.

घराणं कळलं की निम्मा स्वयंपाक कळला. न्जाहीला वालाचा कडवटपणा आहे. म्हणून रात्रभर भिजवायचं, ते पाणी टाकायचं, एक उकळी आणून तेही पाणी ओतून द्यायचं आणि मग ताज्या पाण्यात शिजवायचं. टर्टल बीनचं भिजवणीचं पाणी टाकलं तरी शिजवणीचं टाकणं म्हणजे चव मोरीत ओतणं; रस्स्याचा काळा दाटपणा त्यातच असतो. अर्धकच्चं मात्र दोन्ही पोटाला बाधतं, तेव्हा आधी खळखळून उकळी हवीच.

पाव किलो न्जाही साध्या भांड्यात दीड-दोन तास घेतं. कुकर असेल तर पाच-सहा शिट्ट्यांनंतर दाणा चिमटीत दाबून बघावा. वेगळ्या पातेल्यात कांदा लालसर परतायचा, लसूण, टोमॅटो, बटाटा-गाजराच्या फोडी घालायच्या, मग न्जाही, शेवटी कोथिंबीर. तिला तिकडेही धनियाच म्हणतात. कुणी नारळाचं दूध घालतं. सोबत भात किंवा चपाती. ही चपाती भारतीयांबरोबर तिकडे पोचली. मसाल्याचा मोह आवरा. गोडा मसाला पडला की ती आपली उसळ झाली, आणि तक्रारीला जागा नाही, पण मग न्जाही म्हणू नका.

किकुयूंकडे या दाण्याचा मान मोठा. मार्चच्या सुमाराला सुरू होणाऱ्या मोठ्या पावसाचं नावच ‘म्बुरा या न्जाही’, न्जाहीचा पाऊस. बाळंतिणीला दूध यावं म्हणून न्जाही पिकल्या केळ्याबरोबर कुस्करून देतात. (आपल्याकडे बाळंतिणीला वाल वाढले तर आजी ताट उचलून नेईल. जात एक, समजूत नेमकी उलटी.) लग्नाच्या बोलणीतही न्जाही असतंच. टर्टल बीनला तिथे असा इतिहास नाही. उलट ब्रिटिश राजवटीत शेतकऱ्यांना राजम्याच्या जातीच्या बीन्सकडे वळवलं गेलं आणि न्जाही मागे पडलं.

पुण्यात न्जाही मिळालं नाही तर रंगावर जाऊ नका. टर्टल बीनपेक्षा सुके वाल किंवा पावटे जवळचे. रस्सा काळा होणार नाही, चव मात्र त्याच वाटेवरची. फक्त डाळिंब्या सोलत बसू नका. न्जाही सालासकटच शिजतं.